कढीलिंबावरील बहुरूपी

महाराष्ट्रांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्याच्या परसांत किंवा निदान शेजाऱ्याच्या परसांत कढीलिंबाचें झाड नाहीं. फोडणींत टाकण्याकरितां चार पानें तोडावयास गेलेल्या गृहिणीस त्या पानांवर कधीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, तर कधीं हिरवीगार व करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब अशी अळी आढळते, आणि ती दचकून हात मागें घेते. पुष्कळ घरीं ही अळी काडीनें खालीं पाडून चिरडून टाकण्याची चाल आहे. ही अळी कोणाची, ती पुढें काय होते, आणि तिच्यापासून निघणाऱ्या फुलपाखरानें मोठमोठ्या पंडितांस शंभर वर्षें कसें चकविलें, याची माहिती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

कढीलिंब, लिंबू, संत्रें, पपनस, बेल, कुंती आणि रानांतील माकडलिंबू हीं सर्व झाडें वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच कुळांत घालतात. यांपैकीं कोणतेंही पान चुरगाळलें असतां त्यास उग्र वास येतो, ही या कुळाची घरगुती खूण समजावी. या झाडांच्या पानांवर ज्यांच्या अळ्या वाढतात अशीं फुलपाखरें आपल्याकडे अनेक आहेत. त्यांपैकीं सर्वांच्या परिचयाचें एक म्हणजे इंग्रजींत ज्यास 'कॉमन मॉर्मन' म्हणतात तें होय. त्याचें शास्त्रीय नांव 'पॅपिलिओ पोलिटेस' असें आहे. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, दक्षिण चीन, मलेशिया, इतकेंच नव्हे, तर जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत त्याचा संचार आहे. त्याला मोठें अरण्य लागत नाहीं. मुंबई-पुण्यासारख्या गजबजलेल्या शहरांतही जेथें चार फुलझाडें व एक कढीलिंब आहे तेथें तें येतें.

मराठींत यास 'बहुरूपी' असें नांव दिलेलें आढळतें, आणि तें फार समर्पक आहे. गांवोगांव हिंडणारा बहुरूपी आज पोलिसाचा वेष घेतो, उद्यां देवाचें सोंग आणतो; परंतु सोंग कितीही बदललें तरी आंतला माणूस तोच असतो. या फुलपाखराचेंही तसेंच आहे. भेद एवढाच, कीं बहुरूप्याप्रमाणें तें रोज वेष पालटीत नाहीं. कोशांतून बाहेर येतांना जो वेष मिळाला तोच जन्मभर राहतो. आणखी विशेष असा, कीं नर सगळे एका वेषाचे असतात. सोंगें काय तीं माद्यांचीं. इंग्रजी नांवाचाही उगम यांतच आहे. अमेरिकेंतील मॉर्मन पंथाच्या लोकांत पूर्वीं एका पुरुषानें अनेक बायका करण्याची चाल होती. या फुलपाखराच्या एकाच तऱ्हेच्या नराबरोबर निरनिराळ्या तऱ्हांच्या माद्या दिसतात, म्हणून थट्टेनें त्यास हें नांव मिळालें.

प्रथम नर कसा ओळखावा तें पाहूं. त्याचे पंख काळे असतात, आणि ते पसरले असतां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें साडेतीन ते चार इंच भरतात. पुढच्या पंखांच्या बाहेरील कडेस बारीक पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते, व पंखाच्या टोंकाकडे ते ठिपके लहान लहान होत जातात. मागच्या पंखांच्या मध्यावरून लांबट पांढऱ्या ठिपक्यांचा एक सलग पट्टा जातो, आणि प्रत्येक मागच्या पंखास एक आंखूड शेंपूट असतें. त्याच झाडांवर वाढणारें लिंबाचें फुलपाखरूं काळ्यावर पिवळसर ठिपक्यांचें असून त्यास शेंपूट मुळींच नसतें. 'ब्लू मॉर्मन' हें याचेंच मोठें भावंड होय. तें काळें व फिकट निळें, आकारानें बरेंच मोठें, आणि बिनशेंपटीचें असतें. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं त्यास राज्याचें फुलपाखरूं ठरविलें. ही एवढी खूण लक्षांत ठेविली म्हणजे बहुरूप्याच्या नराविषयीं सहसा चूक होत नाहीं.

माद्यांची गोष्ट निराळी. त्यांचे आपल्याकडे तीन वेष आहेत. पहिल्या वेषाची मादी जवळ जवळ नरासारखीच दिसते. फक्त मागच्या पंखांच्या कडेला तांबड्या चंद्रकोरीसारख्या खुणा अधिक ठळक असतात. हिला आपण साध्या वेषाची मादी म्हणूं. दुसऱ्या वेषाच्या मादीच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढऱ्या डागांचा पुंजका असून त्याभोंवतीं कडेस तांबडे डाग असतात. तिसऱ्या वेषाच्या मादीच्या मागच्या पंखांवर पांढरें कांहींच नसून तांबड्या ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि पुढच्या पंखांवर पांढुरके पट्टे असतात. या तिघी एकीशेजारीं एक मांडून ठेविल्या, तर त्या एकाच जातीच्या आहेत असें सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

आणि तसेंच घडलेंही. प्राण्यांस व वनस्पतींस शास्त्रीय नांवें देण्याची पद्धत घालून देणारा स्वीडनचा पंडित लिनीयस यानें १७५८ सालीं या फुलपाखरांची नोंद केली, तेव्हां नरासारख्या दिसणाऱ्या पाखरास त्यानें 'पॅमॉन' असें नांव दिलें, आणि दुसऱ्या वेषाच्या मादीस स्वतंत्र जात समजून 'पोलिटेस' म्हटलें. पुढें तिसऱ्या वेषाच्या मादीस दुसऱ्या एका लेखकानें 'रोम्युलस' असें तिसरें नांव दिलें. लिनीयसनें हीं नांवें होमर कवीच्या काव्यांतून घेतलीं होतीं. पॅमॉन आणि पोलिटेस हे दोघेही ट्रॉयचा राजा प्रायम याचे पुत्र. म्हणजे ज्यांस त्यानें भाऊ भाऊ ठरविलें, तीं वास्तविक एकाच जातीचीं नर-मादी निघालीं!

हा घोटाळा एकदम कोणाच्या लक्षांत आला नाहीं, यांत नवल नाहीं. त्या काळीं युरोपांतील पंडितांपुढें असत तीं टांचणीनें टोंचून ठेविलेलीं मेलेलीं पाखरें. पेटींतील मेलेल्या पाखरावरून रंग समजतो, परंतु तें कोणाच्या पोटचें हें समजत नाहीं. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ अनेक वर्षें मलाया द्वीपसमूहांत स्वतः हिंडला होता. १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यानें दाखवून दिलें, कीं हे निरनिराळे दिसणारे प्रकार म्हणजे एकाच जातीच्या माद्यांचीं रूपें होत. ज्या दोन नांवांचा लिनीयसनें एकाच वेळीं उपयोग केला होता, त्यांपैकीं 'पोलिटेस' हें आज सर्व जातीचें नांव म्हणून राहिलें आहे.

आतां कोणी विचारील, कीं मादीस ही सोंगें घेण्याचें कारण काय? याचें उत्तर मिळण्याकरितां आपणांस दुसऱ्या दोन फुलपाखरांची ओळख करून घेतली पाहिजे. इंग्रजींत त्यांस 'कॉमन रोझ' व 'क्रिमझन रोझ' म्हणतात. आम्ही या लेखापुरतें त्यांस 'साधा गुलाब' आणि 'किरमिजी गुलाब' म्हणूं. यांच्या अळ्या लिंबाच्या कुळावर वाढत नाहींत. त्या सापसण अथवा ईश्वरी या नांवाच्या वेलीवर व तिच्या जातीच्या इतर वेलींवर वाढतात. या वेलींत एक विषारी द्रव्य असतें. अळी पानांबरोबर तें खाते, परंतु तिला त्याची बाधा होत नाहीं. उलट तें विष तिच्या शरीरांत साठतें, आणि पुढें फुलपाखरूं झाल्यावरही तें त्याच्या अंगांत राहतें. पक्ष्यानें असें एखादें पाखरूं धरून चाखलें, तर त्यास तें मानवत नाहीं. मग काळ्यावर तांबडें असें पाखरूं पुन्हां दिसलें, तरी तो पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीं. या गुलाबांचें अंगही चिवट असतें, त्यामुळें चोंच लागूनही तीं पुष्कळदा जिवंत सुटतात. तीं सावकाश, जणूं कांहीं कोणाची भीति नाहीं अशा थाटानें उडतात, आणि खरोखरच त्यांस फारशी भीति नसते.

आतां ताडून पाहा. बहुरूप्याची दुसऱ्या वेषाची मादी ही हुबेहुब साध्या गुलाबासारखी असते, व तिसऱ्या वेषाची मादी ही किरमिजी गुलाबासारखी असते. त्यांच्या स्वतःच्या अंगांत विष नाहीं. त्या कढीलिंबावर वाढलेल्या. पक्ष्यानें खाल्ल्या तर त्यास त्या गोडच लागावयाच्या. परंतु त्यांनीं पांघरलेला वेष विषारी पाखराचा आहे, आणि एकदां तोंड पोळलेला पक्षी खरें-खोटें पाहण्याकरितां पुन्हां तोंड पोळून घेत नाहीं. अशा प्रकारें निरुपद्रवी प्राण्यानें विषारी प्राण्याचें रूप धारण करून जीव वांचविण्याचा हा प्रकार प्रथम हेनरी बेट्स या इंग्रज संशोधकानें जगापुढें मांडला. दक्षिण अमेरिकेंतील आमेझॉन नदीच्या अरण्यांत अकरा वर्षें राहून त्यानें फुलपाखरें पाहिलीं, आणि १८६२ सालीं आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. या सोंगास आजही त्याच्याच नांवानें ओळखतात.

या उपपत्तीस भूगोलाचा मोठा आधार आहे. किरमिजी गुलाब हें मुख्यतः आपल्या दक्षिण भारतांतील व श्रीलंकेंतील फुलपाखरूं आहे, आणि त्याची नक्कल करणारी तिसऱ्या वेषाची मादीही याच मुलखांत आढळते. उलट शिमल्यासारख्या डोंगरी भागांत, जेथें गुलाब आढळत नाहींत, तेथें बहुरूप्याच्या माद्या साध्या वेषाच्याच दिसतात. जेथें पोलीस नाहींत तेथें पोलिसाचें सोंग घेऊन कोणास धाक बसणार? सोंगाची किंमत मूळ पुरुषाच्या दराऱ्यावर अवलंबून असते. आणि याच कारणानें सर्वच माद्या सोंगाड्या झाल्या नाहींत असें शास्त्रज्ञ सांगतात. खऱ्या गुलाबांपेक्षां खोटे गुलाब जास्त झाले, तर पक्ष्यांस गोड घासच वारंवार मिळेल, त्यांची भीति मोडेल, आणि मग सोंगाचा कांहीं उपयोग राहणार नाहीं.

पक्षी फसतात, पण आमच्या विद्यार्थ्यांनीं फसूं नये. खरा गुलाब व खोटा गुलाब ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणें आहेत. पहिली व सर्वांत खात्रीची खूण अंगाच्या रंगाची. खऱ्या गुलाबांचें पोट तांबडें असतें. किरमिजी गुलाबाचें डोकें व पोट तर लालभडक असतें; साध्या गुलाबाच्या अंगाच्या दोन्ही बाजू व शेंवट तांबडा असतो. सोंग घेणाऱ्या मादीचें अंग मात्र काळेंच राहतें. पंख रंगविले, पण अंग रंगवावयाचें राहिलें, असेंच जणूं म्हणावें. दुसरी खूण उडण्याची. निर्धास्त असतांना मादीही गुलाबाप्रमाणें सावकाश व खालून उडते. परंतु तिला हुसकावलें म्हणजे ती सोंग विसरते, आणि आपल्या कुळाप्रमाणें वेडीवांकडी गिरकी घेत भरकन् निघून जाते. तिसरी खूण ती कोठें घोटाळते याची. अंडीं घालण्याकरितां कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या शेंड्यांशीं जी रेंगाळते ती बहुरूपी. सापसणीच्या वेलीशीं जी रेंगाळते ती गुलाब. पंखाच्या नक्षीवर पहिली नजर जाते, परंतु निर्णय द्यावा तो अंगावरून, चालीवरून व घरावरून.

तरीही एक शंका उरतेच. तीन वेषांच्या तिघीजणी एकाच जातीच्या आहेत, याचा पुरावा काय? हा पुरावा फक्त एकाच रीतीनें मिळतो: एका आईचीं अंडीं घेऊन, अळ्या पाळून, त्यांतून काय निघतें तें पाहणें. श्रीलंकेंत फ्रायर नांवाच्या संशोधकानें हें काम मोठ्या चिकाटीनें केलें, आणि पिढ्यानुपिढ्यांच्या वंशावळी मांडून १९१३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच आईच्या मुलींत निरनिराळे वेष निघतात, आणि मुलगे मात्र सर्व एकसारखे निघतात, हें त्यानें सिद्ध केलें.

यांतील मौज नीट ध्यानांत यावी म्हणून थोडें अधिक सांगतों. प्रत्येक पिलास वेषाविषयींची एक आज्ञा आईकडून व एक बापाकडून मिळते, असें समजा. गुलाबी वेषाची आज्ञा जोरकस असते व साध्या वेषाची दुबळी. दोन्हींपैकीं एक जरी गुलाबी असली, तरी मुलगी गुलाबी वेषाची होते. दोन्ही साध्या असल्या तरच ती साधी होते. आतां एखाद्या साध्या वेषाच्या आईच्या पोटीं गुलाबी वेषाच्या मुली निघाल्या, तर ती आज्ञा आली कोठून? आईजवळ तर ती नव्हतीच. अर्थात् ती बापाकडून आली. परंतु बाप दिसावयास काळा-पांढराच! त्याच्या अंगांत ती आज्ञा असूनही त्याच्या पंखांवर तिचें चिन्ह उमटलेलें नसतें. तो ती मुकाट्यानें बाळगतो आणि मुलींस देतो. अशा बापाजवळ एक गुलाबी व एक साधी अशा दोन आज्ञा असल्या, व आई साधी असली, तर मुलींपैकीं सुमारें निम्म्या गुलाबी व निम्म्या साध्या निघाव्यात, हें आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी स्वतःच मांडून पाहूं शकतील.

ही आज्ञा शरीरांत नेमकी कोठें लिहिलेली असते, याचा शोध मात्र अगदीं अलीकडे लागला. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांतील डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे अमेरिकेंतील सहकारी यांनीं २०१४ सालीं असें दाखविलें, कीं या सर्व सोंगांचें मूळ 'डबलसेक्स' नांवाच्या एकाच जनुकांत आहे. किड्यांमध्यें नर व मादी यांच्या शरीरांत जो फरक पडतो, तो घडवून आणणें हें या जनुकाचें मूळचें काम. तेंच या फुलपाखरांत मादीच्या पंखांवरील नक्षीही ठरवूं लागलें आहे. सोंग फक्त माद्यांतच कां दिसतें, याचा उलगडा यावरून होतो. पुढच्याच वर्षीं, २०१५ सालीं, जपानी शास्त्रज्ञांनीं सोंग घेणाऱ्या मादीच्या वाढत्या पंखांत या जनुकाचें काम थोपवून पाहिलें, तों तेथील नक्षी साध्या वेषाकडे वळली. लिनीयसच्या पेटीपासून येथपर्यंत येण्यास अडीचशें वर्षें लागलीं.

आतां आपण कढीलिंबाकडे वळूं आणि या प्राण्याचा जीवनक्रम क्रमानें पाहूं. मादी कोवळ्या पानांवर एकेक करून अंडीं घालते. अंडें वाटोळें, पिवळसर व मोहरीच्या दाण्याएवढें असतें. पानावर बसण्यापूर्वीं ती पुढच्या पायांनीं तें चांचपून पाहते. फुलपाखराच्या पायांस चव कळते, आणि त्यावरूनच हें पान आपल्या लेंकरांस चालेल कीं नाहीं, याची ती खात्री करून घेते. चार-पांच दिवसांनीं अंड्यांतून अळी निघते व प्रथम अंड्याचें टरफलच खाऊन टाकते. त्यानंतर तिचें पान खाणें सुरू होतें. अळीचें कातडें वाढत नसल्यामुळें तिला तें वारंवार टाकावें लागतें. एकूण तिच्या पांच अवस्था होतात.

पहिल्या चार अवस्थांत ती तपकिरी रंगाची असून तिच्यावर पांढुरके डाग असतात, व ती चकचकीत, ओलसर दिसते. पानाच्या वरच्या बाजूस उघड्यावर ती निश्चल बसून राहते, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं एखाद्या चिमणीनें येथें घाण केली आहे. पक्षी सर्व कांहीं खातील, पण स्वतःची विष्ठा खाणार नाहींत! पांचव्या अवस्थेंत ती एवढी मोठी होते, कीं आतां हें सोंग शोभणार नाहीं; म्हणून जणूं ती वेष बदलते. तिचा रंग पानासारखा हिरवा होतो व त्यावर तपकिरी तिरपे पट्टे येतात. डोक्यामागील भाग फुगीर असून त्यावर डोळ्यांसारख्या खुणा दिसतात. तिला कोणी डिवचलें, तर डोक्यामागून ती दोन फांट्यांचें एक तांबडें, मऊ शिंग बाहेर काढते, आणि त्याबरोबर आंबूस उग्र वास सुटतो. भित्र्या मुलांस तें सापाच्या जिभेसारखें वाटतें. परंतु तें टोंचत नाहीं, चावत नाहीं, किंवा त्यानें अंगास खाजही सुटत नाहीं. मुंग्या व इतर लहान शत्रू यांस दूर ठेवण्याचें तें साधन आहे. पालकांस आम्ही मुद्दाम सांगतों, कीं खाज आणणाऱ्या केंसाळ सुरवंटांत आणि या अळींत कांहींएक संबंध नाहीं. हिच्या अंगावर केंस नसतात.

सुमारें दोन-अडीच आठवडे खाऊन झाल्यावर अळी खाणें सोडते व जागा शोधूं लागते. एखाद्या काडीला मागचें टोंक रेशमानें चिकटवून, कमरेभोंवतीं रेशमाचा एक धागा पट्ट्यासारखा घेऊन, ती किंचित् मागें रेलून राहते, आणि शेंवटचें कातडें टाकून कोश बनते. नारळाच्या झाडावर चढणारा माणूस कमरेभोंवतीं दोर घेऊन जसा रेलतो, तशीच ही ठेवण असते. येथेंही वेषाचें प्रकरण आहेच! हिरव्या डहाळीवर झालेला कोश पुष्कळदा हिरवा असतो, व वाळक्या काडीवरचा तपकिरी. दहा-बारा दिवसांनीं कोशाचा रंग गडद होतो, आंतील पंखांची नक्षी बाहेरून दिसूं लागते, आणि लवकरच एका सकाळीं कोश उकलून फुलपाखरूं बाहेर येतें. प्रथम त्याचे पंख ओले व चुरगळलेले असतात. तें वर चढून लोंबकळतें, अंगांतील द्रव पंखांच्या शिरांत भरतें, व थोड्या वेळांत पंख पूर्ण उलगडतात. त्या वेळीं त्यास हात लावूं नये. पंखास दुमड पडली, तर ती जन्माची राहते.

मोठेपणीं फुलपाखराचें अन्न म्हणजे फुलांतील मध. घाणेरी, बकोरा अशा फुलांवर तें येतें. मध पीत असतां तें पूर्ण स्थिर बसत नाहीं. मागचे पंख जवळ जवळ स्थिर ठेवून पुढचे पंख एकसारखे फडफडत राहतें. नर ओल्या मातींतील क्षार शोषण्याकरितां ओढ्याकांठीं जमतात. पावसाळा व त्यानंतरचे महिने हा यांच्या भरभराटीचा काळ होय.

आतां पालकांच्या मनांतील प्रश्नाकडे येऊं. या अळ्यांनीं झाडाचें नुकसान होतें काय? लहान रोपाचें होतें, हें खरें. कलमाच्या किंवा वाफ्यांतील लिंबाच्या रोपावर चार-पांच अळ्या पडल्या, तर त्या त्याचा शेंडा खाऊन टाकतील. परंतु अंगणांतील वाढलेल्या कढीलिंबास त्यांची फारशी झळ लागत नाहीं. त्यास पुन्हां पालवी फुटते. शिवाय सर्व अळ्या फुलपाखरें होत नाहींत. बारीक गांधीलमाश्या अळींत अगर कोशांत आपलीं अंडीं घालतात. पक्षी, कोळी व मुंग्या हे आपला वांटा घेतात. तेव्हां लहान रोपावर अळी दिसली, तर ती पानासकट उचलून मोठ्या कढीलिंबावर ठेवावी. ज्या झाडाचीं पानें आपण रोज भाजींत घालतों, त्यावर विषारी औषध फवारण्यापेक्षां हें किती तरी बरें!

ज्या विद्यार्थ्यांस हा जीवनक्रम स्वतः पाहावयाचा असेल, त्यांस फार साहित्य लागत नाहीं. एक रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तोंडास मलमलीचें फडकें बांधावें, तळाशीं कागद घालून तो रोज बदलावा, आणि औषध न फवारलेलीं ताजीं पानें द्यावीं. बरणींत पाणी सांचूं देऊं नये. अळी खावयाचें थांबली, म्हणजे आंत एक उभी काडी ठेवावी. फुलपाखरूं निघाल्यावर त्याचे पंख वाळूं द्यावेत, आणि मग त्यास बागेंत सोडून द्यावें. टांचणीनें टोंचून पेटींत ठेवण्याची आतां कांहीं गरज नाहीं. रंग व खुणा टिपून घ्याव्यात, चित्र काढावें.

याहून मोठें काम कांहीं मुलांनीं मिळून करण्यासारखें आहे. साध्या वेषाची असो किंवा गुलाबी वेषाची, एखादी मादी कढीलिंबावर अंडीं घालतांना दिसली, तर तिचा वेष लिहून ठेवावा, व तिच्यादेखत घातलेलीं तेवढींच अंडीं खूण करून घ्यावीं. मग वहींत चार रकाने करावे: आईचा वेष, नर किती, साध्या वेषाच्या मुली किती, गुलाबी वेषाच्या मुली किती. एका आईचीं अंडीं दुसरीच्या अंड्यांत मिसळूं देऊं नयेत, नाहीं तर सारी मेहनत फुकट जाईल. ज्या मुलास आपल्या बरणींतून एका आईच्या दोन वेषांच्या लेंकी निघालेल्या दिसतील, त्यास लिनीयसपेक्षां अधिक कळलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जूनमध्यें शाळेचें नवें वर्ष सुरू होतें, व पावसाबरोबर कढीलिंबासही नवी पालवी येते. हें काम सुरू करण्यास तोच काळ योग्य होय. माता-भगिनींस आमची एवढीच विनंति आहे, कीं पुढच्या वेळीं पानें तोडतांना एखादी अळी दिसली, तर ती डहाळी सोडून दुसरी तोडावी, आणि घरांतील मुलांस हांक मारून ती दाखवावी.